नातू घास घेत नाही, नात झोपत नाही

सप्रेम नमस्कार.
वय ७१, निवृत्त. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. नात १४ वर्षांची, नातू साडेतीनचा. नातवाला मोबाइल समोर धरल्याशिवाय घास उतरत नाही. चित्र हललं की तोंड उघडतं, थांबलं की मिटतं. नात रात्री एक-दीडपर्यंत पांघरुणात मोबाइल घेऊन पडलेली असते, आणि सकाळी साडेसहाला हाक मारली की अंगावर येते. परवा मी मोबाइल हातातून ओढून घेतला, तर दिवसभर खोलीचं दार लावून बसली. चित्रं मात्र बरी काढते. तीही मोबाइलवर बघूनच शिकली म्हणतात. मोबाइलचे दुष्परिणाम सांगणारे व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर रोज टाकतो, कोणी उघडून बघत नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्या वेळी टीव्हीला नावं ठेवायचे, आता मोबाइलला ठेवतात." सून काहीच बोलत नाही, पण तिचा चेहरा बोलतो. ही पिढी हातची गेली का? आणि मी यात बोलावं की गप्प बसावं?
ता. क. ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली म्हणे. सगळीकडे तसंच का करत नाहीत?
– एक आजोबा

आजोबा, नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. बोला. पण रोज नको, सगळ्यांसमोर नको, आणि व्हिडिओ टाकून तर मुळीच नको. काय बोलायचं आणि कोणाशी, ते पुढे सांगते.

पहिल्या प्रश्नावर अभ्यासकांमध्येच जुंपलेली आहे. जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की, साधारण २०१० ते २०१५ या काळात मुलांचं खेळणं-भटकणं कमी होऊन बालपण स्मार्टफोनवर गेलं, आणि त्यानंतर किशोरवयीन मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, चिंता आणि नैराश्य वाढत गेलं. त्यांनी ते २०२४ मध्ये मांडल्यावर कँडिस ऑजर्स या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं त्याच वर्षी 'नेचर'मध्ये त्याला हरकत घेतली: दोन गोष्टी एकाच काळात वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, आणि जी मुलं आधीच खचलेली असतात तीच मोबाइलमध्ये जास्त तोंड खुपसून बसतात असंही असू शकतं. त्याआधी २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली होती. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.४ टक्के फरक त्यांना स्क्रीनच्या वापराशी जोडता आला.

हा आकडा तुमच्या मुलाच्या हाती लागला तर तो तुम्हाला दिवसातून तीनदा ऐकवेल. म्हणून पुढचंही ऐकून ठेवा. ती सरासरी आहे. त्यात दूरच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलणारी मुलगी आहे, आणि रात्री एक वाजता दुसऱ्यांचे फोटो बघून आरशात स्वतःला नावं ठेवणारीही आहे. दोघी एकाच पोत्यात भरल्यावर वजन शून्याच्या जवळ येणारच. त्याच ऑर्बेन यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांची माहिती वयानुसार वेगळी करून पाहिली. तेव्हा असं दिसलं की मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलग्यांमध्ये १४-१५ या वयात सोशल मीडियाचा वापर वाढला, तर वर्षभरानं त्यांचं समाधान घटलेलं असतं. १९च्या आसपास दोघांमध्येही हे पुन्हा दिसतं. मधल्या वर्षांत तसं ठळक काही सापडत नाही.

त्यामुळे अख्ख्या पिढीचं काय झालं याचा निकाल लागायचा आहे, आणि तो तुमच्या घरात लागणार नाही. तुमच्या घरात दोन मुलं आहेत. त्यांच्याबाबतीत मात्र बरंच काही आज ठामपणे सांगता येतं. मोबाइल दिवसातले किती तास चालला यापेक्षा त्या तासांत काय व्हायचं राहून गेलं, हे मी आधी बघते. नातवाचं जे राहून जातंय ते वेगळं, नातीचं वेगळं.

आधी नातू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्षभराच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर नको. कमी झाला तर उत्तम. कारण कळलं की आकडा लक्षात राहतो. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या चमूनं नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी ही बाळं. काहींसमोर चिनी बोलणारी बाई येऊन बसायची, पुस्तक दाखवायची, खेळणी घेऊन गप्पा मारायची. काहींना तोच मजकूर व्हिडिओवर दाखवला. प्रत्यक्ष बाईसमोर बसलेली बाळं चिनी ध्वनींमधला फरक ओळखायला शिकली. व्हिडिओवाली बाळं काहीच शिकली नाहीत. आवाज तोच, शब्द तेच; पण बाळानं हुंकार दिला तर पडद्यावरची बाई थांबून त्याच्याकडे बघत नाही.

तुमचा नातू बाळ राहिलेला नाही, साडेतीन वर्षांचं मूल व्हिडिओवरून बरंच उचलतं. पण जेवणाच्या वेळी तो नेमकं काय गमावतोय ते तुमच्याच वाक्यात आलं आहे. चित्र हललं की तोंड उघडतं. म्हणजे भूक लागली म्हणून नाही, चव आवडली म्हणून नाही, पोट भरलं म्हणून तोंड मिटलं असंही नाही. समोर कोण बसलंय हेही त्याला ठाऊक नाही. भरवणाऱ्याला ताट रिकामं झाल्याचं समाधान मिळतं, आणि मुलाला आपल्या पोटाची हाक ओळखायची सवयच लागत नाही.

दुसरी गोष्ट रडण्याची. मिशिगन विद्यापीठाच्या जेनी राडेस्की यांच्या गटानं तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२२च्या शेवटी आला. मूल चिडलं की त्याला गप्प करायला वारंवार मोबाइल दिला जात असेल, तर पुढच्या काही महिन्यांत त्याचं चटकन भडकणं वाढलेलं दिसतं. मुलग्यांमध्ये आणि मुळातच चळवळ्या मुलांमध्ये जास्त. आपला राग आपणच आवरायचा हे शिकण्याचं हेच वय, आणि दर वेळी ते काम मोबाइल करून टाकतो.

आता उपाय, आणि यात काम तुमचं आहे. सुनेचा चेहरा बोलतो असं तुम्ही लिहिलंत. माझा अंदाज सांगू? तो म्हणत असणार, "मग तुम्ही भरवा." दिवसभर काम करून आलेल्या बाईला मुलाचं जेवण, उद्याची तयारी आणि मोठीचा अभ्यास एकाच वेळी उरकायचा असतो, आणि त्या क्षणी तिच्या मदतीला येणारी एकमेव वस्तू म्हणजे तो मोबाइल. तिला दुष्परिणाम सांगून काय होणार? ते तिला तुमच्याआधी माहीत आहेत. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुमच्याकडे.

तेव्हा दिवसातलं एक जेवण तुम्ही घ्या. रात्रीचं, कारण तेव्हा तिची ओढाताण सर्वांत जास्त. नातवाला समोर बसवा, भरवू नका, त्याच्या हातानं खाऊ द्या. सांडेल, सांडू दे. तुम्हीही त्याच वेळी जेवा. पहिले काही दिवस थयथयाट होईल, ताट ढकललं जाईल, दोन घास खाऊन उठेल. धडधाकट मूल एखाद्या वेळी कमी जेवलं तर पुढच्या खाण्याला भरून काढतं. वजन वाढत नसेल किंवा खाण्याची तक्रार जुनी असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि मग हे सुरू करा. आणि एक पथ्य सगळ्या घराला: रडला म्हणून चौथ्या दिवशी "आजच्या दिवस" मोबाइल द्यायचा नाही. अधूनमधून हट्ट पुरवला की तो आणखी चिवट होतो, हे मुलं वाढवलेल्या कोणालाही सांगायला नको.

आता नात. तिच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तुमच्या पत्रात तिच्यावर राग जास्त आहे आणि माहिती कमी.

ती रात्री दीडला झोपते, साडेसहाला उठते. पाच तास झाले. अमेरिकी निद्रावैद्यकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलेला हिशेब असा: १३ ते १८ वयाला ८ ते १० तास. म्हणजे ती रोज निदान तीन तासांची उधारी घेऊन उठते. सकाळी अंगावर येते ती ही. तुम्ही तिच्याजागी असता तर तुम्हीही आला असता. त्यात निसर्गानंही खोडी काढून ठेवली आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवायला लागतं. दहाला अंथरुणावर पडून तिला झोप येत नसेल, तर ते ढोंग नाही. या उशिरात मोबाइल भर घालतो. पडद्याच्या निळ्या प्रकाशावर जरा जास्तच बोललं जातं असं माझं मत आहे. तो असतो, पण पडद्यावर काय चाललंय हे त्याहून भारी. मैत्रिणीनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, ग्रुपवर कुणीतरी कुणाला टोमणा मारला, हे वाचून कुणाला झोप येईल?

इथे तुमच्या मुलाचं टीव्हीचं म्हणणं येतं. ते अर्धं खरं आहे. नवीन आलेल्या प्रत्येक गोष्टीला मोठ्यांनी नावं ठेवली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटनं चित्रकथांच्या पुस्तकांमुळे मुलं बिघडतात का यावर सुनावण्या घेतल्या होत्या. पण चित्रकथेला शेवटचं पान होतं. टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा, आणि पुढचा कंटाळवाणा असायचा. रील्स संपत नाहीत, कारण त्या संपू नयेत अशीच रचना आहे. बोट सरकवत राहिलं की खालून नवीन मजकूर येतच राहतो, ही सोय एझा रास्किन या डिझायनरनं २००६ मध्ये तयार केली, आणि तिच्या परिणामांबद्दल त्यानंच पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुढची रील भिकार निघेल की मजेदार हे कळत नाही, म्हणूनच हात थांबत नाही. समोर शेकडो इंजिनिअर बसलेत आणि इकडे १४ वर्षांची मुलगी. तिनं मनाचा निग्रह करून ते बंद करावं, ही अपेक्षा मी ४० वर्षांच्या माणसाकडूनही करणार नाही.

म्हणून निग्रहावर काही सोडायचं नाही. रात्री ठरलेल्या वेळी मोबाइल झोपायच्या खोल्यांबाहेर, सगळ्यांचे एकाच जागी, चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे मुलाचा, सुनेचा आणि तुमचाही. गजरासाठी मोबाइल हवा ही सबब पहिल्याच रात्री येईल. साधं गजराचं घड्याळ आणून ठेवा. एकट्या नातीचा मोबाइल बाहेर ठेवलात तर ती शिक्षा होईल, आणि शिक्षेतून पळवाटा काढण्यात या वयाचा हात कुणी धरू शकत नाही. स्वतः उशाशी मोबाइल घेऊन तिला झोपेचे धडे देणं म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान. हा नियम तुम्ही लावायचा नाही, तो आईवडिलांनी लावायचा. तुम्ही फक्त पहिल्या रात्री स्वतःचा मोबाइल आधी नेऊन ठेवायचा.

आणि तो पुन्हा हातातून ओढू नका. तुमच्या दृष्टीनं ती एक वस्तू होती. तिच्या दृष्टीनं तुम्ही मैत्रिणींशी चाललेलं बोलणं मध्येच तोडलंत, कदाचित नको असताना स्क्रीनही पाहिलीत. तिथे तिचं काय चाललंय हे कळावं असं मलाही वाटतं, कारण तिथे खरोखर दुखापत होऊ शकते. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी बाहेर काढली. कंपनीच्याच संशोधनात ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं की, आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राम बघितलं की आणखी वाईट वाटतं. तुमची नात त्यांच्यातली आहे की नाही, हे ती सांगेल तेव्हाच कळेल. आणि ज्यानं परवा मोबाइल हिसकावला त्याला ती कशाला सांगेल?

वाट आहे, ती तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली आणि तुम्ही तिच्यावरून पुढे निघून गेलात. ती चित्रं काढते. मोबाइलवर बघून शिकली. त्याच पडद्यावर रात्रीचा एक तास तिची झोप खातो, आणि त्याच पडद्यावर दुपारचा एक तास तिला हाताची बोटं कशी काढायची, सावली कुठे टाकायची हे शिकवतो. तास मोजणाऱ्याच्या वहीत दोन्ही सारखेच. दुपारी तिच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, "हे कुठे बघितलंस? मला दाखव." ती व्हिडिओ लावेल, मध्येच थांबवून समजावेल, तुम्हाला काही कळत नाही म्हणून हसेलही. हसू द्या. परवाच्या प्रकाराबद्दल एक वाक्य बोलून टाका, "तुला न विचारता घ्यायला नको होता." त्यापुढे "पण" लावू नका.

डोळ्यांचं थोडक्यात सांगते. लहान वयात चष्मा लागण्याचं प्रमाण जगभर वाढतंय, आणि त्यात जवळचं सतत बघण्याइतकाच बाहेरच्या उजेडात कमी जाण्याचा हात आहे. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनंतर त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती. न नेलेल्यांमध्ये ३९.५ टक्के. इथे कुणाचा मोबाइल काढून घेतला नव्हता, मुलांना नुसतं बाहेर नेलं होतं. नातवाला रोज बाहेर नेण्याइतका वेळ घरात फक्त तुमच्याकडे आहे.

'व्यसन' हा शब्द तुम्ही वापरला नाहीत, पण ते व्हिडिओ तो वापरत असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून 'गेमिंग विकार' आहे, पण त्याची कसोटी कडक आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. मोबाइल काढल्यावर दार लावून बसणं म्हणजे व्यसन नव्हे. मात्र नात मैत्रिणींना भेटणं सोडू लागली, शाळा टाळू लागली, चित्रं काढायचीही थांबली, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलू लागली, तर मोबाइलचा वाद बाजूला ठेवून लगेच समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे न्या. शेवटची गोष्ट कानावर आली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता कोणाशी बोलायचं ते. मुलगा आणि सून दोघं एकत्र असताना, मुलं झोपल्यावर, एकदाच. "रात्रीचं त्याचं जेवण उद्यापासून माझ्याकडे" हे आधी सांगा. मग मोबाइल रात्री बाहेर ठेवण्याचं विचारा. इतकंच. शिस्त, संस्कार, आमच्या वेळी, हे काढलंत की बोलणं तिथेच संपेल. ते "बघू" म्हणतील. पंधरा दिवस जेवणाचं तुमचं तुम्ही निभावून दाखवा, मग पुन्हा विचारा. आणि ग्रुपवरचे व्हिडिओ आजपासून बंद. त्यातले निम्मे खोटे असतात, हे राहू द्या. पण मोबाइल सोडा हे सांगायला तुम्ही रोज घरातल्या सगळ्यांना मोबाइल उघडायला लावता.

तुमच्या ता. क.चं. ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी स्वतःचं खातं ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना आहे, चार कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना काहीही नाही. जबाबदारी कंपन्यांवर टाकली हे मला पटतं. मोबाइल वापरण्यावर मात्र तिथे बंदी नाही. व्हॉट्सॲपसारखी निरोपांची ॲप वगळली आहेत, आणि खात्याशिवाय यूट्यूब बघताही येतं. तुमची नात तिथे असती, तर तिचं खातं गेलं असतं, चित्रांचे व्हिडिओ राहिले असते, आणि मैत्रिणींचा ग्रुपही रात्री दीडपर्यंत चालूच असता.